म्युनिक ते मोहफूल : चिअर्स, पण जरा जपून!

सप्टेंबर आला की आमच्या ग्रुपमध्ये ऑक्टोबरफेस्टच्या गप्पा सुरू होतात. १८१० साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नातून सुरू झालेला हा उत्सव, ते लिटरभराचे मग, तंबूतली गाणी... मस्तच! गोव्यात गेलो की फेणी असतेच. काजूच्या फेणीला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बॉस, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात काय गाळतात, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

उत्तर आहे, मोह. मार्च-एप्रिलच्या पहाटे ही रसाळ, पिवळसर फुलं टपटप पडतात. वाळली की थेट मनुकाच! ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची, मग चुलीवर चढवून वाफ गाळायची. झाली मोहाची तयार. गोंड-माडिया घरांत ती नुसती पार्टीची चीज नाही. जन्म, लग्न, मरण, सगळीकडे तिचा मान; पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना.

मग काय, या वीकेंडला टेस्टिंग? थांबा! गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. पण उठली ती परवान्याच्या दुकान-बारपुरती. घरी गाळलेली मोहाची तिथेही बेकायदाच. तेव्हा वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरताना बॅगेत बाटली नको.

आणि ‘काय हा बोअर कायदा’ म्हणण्याआधी एक लक्षात घ्या. हा कायदा नुसता मुंबईहून आलेला नाही. चंद्रपूरच्या बंदीसाठी २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तर गावात बसूनच दारूबंदी ठरवली. आपल्यासाठी जो वीकेंडचा पेग, तो कुणाच्या तरी घरात रोजची मारझोड असतो. मला स्वतःला ग्लास आवडतो, तरीही हे विसरता येत नाही.

मग मोहाची मजा घ्यायचीच नाही का? घ्या की! एप्रिलमध्ये जा, तो गोड, जडसर वास छातीत भरून घ्या. मोहफुलांचे लाडू खा, महिला बचत गटाकडून सुकी फुलं विकत घ्या. मात्र घासाघीस नको. अस्वलाला ही फुलं भारी आवडतात आणि वाघही त्याच जंगलात फिरतो. पहाटे वाकून फुलं वेचणारी माणसं वाघाच्या हल्ल्यात गेल्याच्या बातम्या चंद्रपुरातून उन्हाळ्यात येतात. त्या टोपलीची किंमत कधीकधी जिवाएवढी असते.

शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज लिकर’चा दर्जा दिलाय. आपल्याकडेही फेणीसारखं तिचं झकास लेबल निघालं तर मला आवडेल. फक्त तो निर्णय पुण्या-मुंबईच्या पबमध्ये व्हायला नको; फुलं वेचणाऱ्या बायकांनी तो घ्यावा. तोवर एक लाडू तोंडात टाका. चिअर्स!