भिरभिरत्या माशीच्या पोटात शिरून

सीटी स्कॅनच्या यंत्रात आडवं झालं की हमखास सूचना मिळते, ‘श्वास रोखून धरा, हलू नका.’ त्रिमिती चित्र जुळवायला क्ष-किरणांनी अनेक कोनांतून छायाचित्रं घ्यावी लागतात. मध्येच काही हललं, तर सगळं धूसर होतं. मग सेकंदाला १४५ वेळा पंख मारणाऱ्या माशीचं काय करायचं?

स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेनला ‘स्विस लाइट सोर्स’ हे २८८ मीटर परिघाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र आहे. तिथे ऑक्सफर्डचे सायमन वॉकर, ग्रॅहम टेलर आणि सहकाऱ्यांनी जिवंत माशी बारीक टेकूला चिकटवली आणि क्ष-किरणांच्या झोतात फिरवत ठेवली. माशी जागच्या जागी उडत राहिली आणि कॅमेरा अतिवेगाने छायाचित्रं टिपत राहिला. पंखांची हालचाल पुन्हा पुन्हा तशीच होते, ही गोष्ट इथे कामी आली. पिसलेले पत्ते रंगवार लावावेत, तशी ही छायाचित्रं पंखाच्या स्थितीनुसार वेगळी काढली. पंख वर असतानाची एकत्र, खाली असतानाची एकत्र. अशा प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक त्रिमिती चित्र तयार झालं आणि ती ओळीने लावल्यावर माशीच्या छातीचा चलच्चित्रपट.

फिरवण्याचा आणखी एक फायदा झाला. आपण वळतोय असं वाटून माशी सावरू पाहायची, त्यामुळे एका पंखाचा झोका मोठा, दुसऱ्याचा लहान. वळताना आत काय घडतं, तेही आपोआप टिपलं गेलं.

माशीचे ताकदीचे स्नायू पंखांना जोडलेलेच नसतात. ते छातीचं कवच दाबतात, सोडतात. कवच थरथरलं की सांध्यातून पंख हलतात. दिशा सांभाळायला सुकाणू स्नायूंच्या १३ जोड्या असतात. त्यांचं वजन उड्डाणाच्या एकूण स्नायूंच्या तीन टक्क्यांहूनही कमी. एवढ्याशा स्नायूंनी बाकीच्यांना आवरायचं कसं, हे कोडंच होतं.

२०१४ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’त आलेल्या या अभ्यासात त्याचा मोठा धागा हाती लागला. काही सुकाणू स्नायू ताकद लावण्याऐवजी हलत्या सांध्यातली ऊर्जाच शोषून घेतात. त्याहून विलक्षण दिसल्या त्या काहींच्या कंडरा (टेंडन). पंखाच्या सांध्याला मोठा झोका घेता यावा म्हणून त्या चक्क मुडपतात आणि पुन्हा ताठ होतात. हे होतं पंखाच्या प्रत्येक फडफडीला, म्हणजे सात मिलिसेकंदांच्या आत एकदा.