उसाला नत्र हवे, पण केव्हा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उसाचे पान काळेभोर दिसले की शेतकऱ्याचे मन भरते. हा रंग आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे युरिया. पंचेचाळीस किलोंचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणून लातूर-नांदेडकडे पहिला मोठा पाऊस उघडला की अनेक फडांत आणखी एक पोते फोकले जाते. हे पोते कुठे जाते, ते आज पाहू.

युरियात ४६ टक्के नत्र असते, पण ते जसेच्या तसे मुळांना फारसे घेता येत नाही. जमिनीत काही दिवसांत त्याचे अमोनिया रूप होते आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट. मांजरा, तेरणा, गोदावरीच्या खोऱ्यांतल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत. अशा रानात युरिया वर उघडा पडला की अमोनिया वायू होऊन उडून जातो. नायट्रेटचे दुखणे वेगळे. जादा पाण्याबरोबर ते खोल झिरपते, विहिरीच्या पाण्यातही उतरते. रान चिबडले तर जिवाणू त्याचाही वायू करून टाकतात. २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्याने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, पण वर पडलेल्या युरियातून अमोनिया उडायचा थांबत नाही.

मग दुसरे खत घ्यावे का? अमोनियम सल्फेटमध्ये नत्र सुमारे २१ टक्केच, पण सोबत गंधक मिळते. गंधक कमी असलेल्या रानात ते उपयोगी आहे. मात्र चुनखडीच्या जमिनीत तेही उघडे टाकले तर अमोनिया उडतोच. म्हणून खत कोणतेही असो, ते मातीआड करणे महत्त्वाचे. सरीच्या बगलेत पहारीने खड्डे घेऊन खत द्यावे व बुजवावे. ठिबक असेल तर युरिया विरघळवून थोडा थोडा देता येतो.

आता हिशेब. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. सगळे युरियातून द्यायचे तर सुमारे पाच पोती लागतात. लागणीला अर्धे पोते, सहा ते आठ आठवड्यांनी दोन, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धे आणि मोठ्या बांधणीला दोन. यात एक गोष्ट विसरली जाते. स्फुरदासाठी एकरी दोन पोती डीएपी दिले, तर त्यातूनच १८ किलो नत्र येते. तेव्हा जवळजवळ एक पोते युरिया कमी करायला हवा.

मोठ्या बांधणीनंतर नत्र थांबवावे. फुटवे तोवर ठरलेले असतात, पुढे कांडी भरायची असते. उशिरा युरिया मिळालेला ऊस वाढतच राहतो. त्याला पाणकोंब फुटतात, तो लुसलुशीत राहून लोळतो, रसातली साखर उशिरा भरते. रसशोषक किडींनाही असे कोवळे पान आवडते.

यावर शेतकरी म्हणतो, ‘माझ्या उसाचे पैसे वजनावर मिळतात, साखरेवर नाही.’ हे अर्धेच खरे आहे. वजन ज्याचे त्याचे असते, पण टनाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसतो. केंद्राचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला धरून ठरतो, आणि उतारा त्यापुढे गेला तर दर वाढतो. म्हणजे एकाच्या फडातले उशिराचे पोते शेजाऱ्याच्याही बिलातून थोडे कापून घेते.

आणि पाण्याचे काय? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात ऊस घ्यायचा तर पाटाचे पाणी तुंबवून खतासह खाली घालवणे परवडणारे नाही. पाणी बेताचे दिले तर नत्रही मुळाशी टिकते. पाचट न जाळता सरीत आच्छादले तर ओल राहते. ते कुजताना सुरुवातीला जमिनीतले नत्र अडकते, म्हणून त्यावर थोडा युरिया टाकावा. कुजल्यावर तेच नत्र खोडव्याला परत मिळते.

लागणीपूर्वी एकदा माती तपासून घ्या, आणि खताच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोठ्या बांधणीच्या तारखेपुढे युरिया लिहू नका.