जुना ट्रक गरम होतोय? आधी काटा आणि हीटर पाहा

गळीत हंगामात बारामती-इंदापूर भागात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशा साखर कारखान्यांच्या वाटेवर जुने ट्रक राबत असतात. भार मोठा, वेग कमी आणि वजनकाट्यासमोर लांब रांग. अशा वेळी टेंपरेचरचा काटा लालकडे सरकला की गॅरेजात पहिला सल्ला मिळतो, ‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका.’ हा सल्ला मानण्याआधी आपण क्रमाने तपासणी करू. सोपे आणि बिनखर्चाचे आधी, इंजिन उघडणे सर्वांत शेवटी.

रचना अशी असते. वॉटर पंप, म्हणजे आपल्याकडची ‘वॉटर बॉडी’, इंजिनभोवती पाणी फिरवते. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास गेले की उघडतो. पुढे रेडिएटरच्या जाळीतून वारा जातो आणि पाणी निवते. केबिनमध्ये हीटर असेल, तर तो याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर असतो.

पहिली पायरी : पाणी. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे टोपण उघडू नका. आत दाबाखालचे पाणी असते, ते अंगावर उसळते. पातळी कमी असेल तर भरा, पण गेले कुठे तेही शोधा. होज पाइपांचे सांधे, वॉटर बॉडीखालचा ओघळ, रेडिएटरच्या कडेचे पांढरे डाग पाहा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्यास आत क्षारांचा थर साचतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरा.

दुसरी पायरी : टोपण. ते नुसते झाकण नाही. आतला दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. टोपणाचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग सैल असेल, तर चांगले इंजिनही पाणी फेकते. बदलताना त्याच दाबाचे टोपण घ्या.

तिसरी पायरी : वारा. उसाच्या फडात पाचट आणि धूळ जाळीत अडकते. पुढून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून इथे हमखास फसगत होते. मागून दिवा लावून पाहा. साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, जोर बेताचा ठेवा, नाहीतर पातळ पत्र्या वाकतात. फॅनचा पट्टा सैल आहे का, तेही बघा. रांगेत उभा असताना ट्रक गरम होतो आणि रस्त्याला लागला की निवतो, तर संशय फॅन आणि वाऱ्यावर. मोकळ्या रस्त्यावर भार ओढतानाच गरम होतो, तर रेडिएटर आतून चोंदल्याची शक्यता मोठी.

चौथी पायरी : काटा खरे बोलतो का? सेन्सरची तार सैल असेल किंवा सेन्सर बिघडला असेल, तर काटा खोटे बोलतो. दुरून तापमान मोजणारी थर्मामीटरची बंदूक गॅरेजात असेल, तर थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान काट्याशी ताडून पाहा.

पाचवी पायरी : थर्मोस्टॅट. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर रेडिएटरचे वरचे व खालचे पाइप जपून चाचपा. काटा वर असूनही वरचा पाइप कोमट असेल, तर व्हॉल्व्ह बंदच अडकला असावा. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवा; अंगावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडायला हवा. उघडला नाही तर नवा बसवा, जागा रिकामी ठेवू नका. व्हॉल्व्हशिवाय इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते, धूर वाढतो आणि झीजही.

सहावी पायरी : हीटर. थंडीत इंदापूरची डाळिंबे घेऊन दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकला तो लागतोच, पण निदानालाही उपयोगी पडतो. काटा वर आणि हीटर गार, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. काटा खाली आणि हीटर कोमट, तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा काढलेला आहे. काटा ठीक असेल, तर हीटरचे दोन पाइप चाचपा. एक गरम, दुसरा गार : नळ बंद किंवा हीटर चोंदलेला. दोन्ही गरम, तरी वारा गार : पंखा किंवा वाऱ्याची झडप बघा.

सातवी पायरी : हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधला पातळ थर. थंड इंजिन टोपण काढून सुरू करा. रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर ट्रक चालवू नका, टो करून न्या.

वाटेतच काटा चढला तर बाजूला घेऊन काटा उतरेपर्यंत इंजिन मंद चालू ठेवा. पाणी फेकत असेल, तर मात्र लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. मेकॅनिककडे गेल्यावर ‘गरम होतो’ एवढेच न सांगता कधी, किती भारावर आणि हीटर गरम होता की गार, हे सांगा. निम्मे निदान तिथेच होते.