फिरती आरागिरणी : संकल्पना, निकष आणि मर्यादा
(मेहकर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण होय. या परिसरातील खाजगी मालकीचे लाकूड प्रामुख्याने शेताच्या बांधांवर व नाल्याकाठी आढळते. बाभूळ, कडुनिंब, आंबा, चिंच व काही ठिकाणी साग अशी ही झाडे विखुरलेली असतात. एका शेतकऱ्याकडे एकाच वेळी तोडणीस आलेली झाडे बहुधा दोन-चारच असतात. त्यामुळे येथील लाकडाचा प्रश्न हा उत्पादनाइतकाच वाहतुकीचाही आहे. ओंडका गिरणीकडे न्यावा की गिरणी ओंडक्याकडे आणावी, या प्रश्नातून फिरत्या आरागिरणीची संकल्पना पुढे येते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे निकष आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ओंडक्याच्या वाहतुकीचे गणित

६० सें.मी. व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर, म्हणजे ३० घनफूट भरते. ओल्या, जड लाकडाचे वजन घनमीटरला एक टन धरल्यास हा एकच ओंडका ८५० किलोचा होतो. तो उचलण्यास माणसांचे बळ पुरत नाही. साखळी, कप्पी किंवा क्रेन लागते. शिवाय चिराईनंतर मापाचे लाकूड साधारणपणे निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंतच हाती येते. उरलेला भाग साल, कडेचे तुकडे व भुसा यांच्या रूपाने वेगळा होतो. म्हणजेच गाडीभाड्याचा मोठा हिस्सा टाकाऊ भागावर खर्च होतो. हेच लाकूड शेतात चिरले, तर फळ्या व चौकटी दोन माणसांना उचलता येतात आणि कडेचे तुकडे शेतकऱ्याच्या घरी सरपणाला येतात.

लहान मालाच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. गाडी, क्रेन व मजूर यांचा खर्च एका ओंडक्यासाठी आणि दहा ओंडक्यांसाठी जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे दोन झाडांचा मालक ती उभ्यानेच अंदाजे किमतीत विकून मोकळा होतो. चिरलेल्या मालाचे मूल्य त्याच्या वाट्याला येत नाही.

जुनी परंपरा : आराकश

फिरती चिराई ही नवीन कल्पना नाही. यांत्रिक गिरण्यांपूर्वी आराकशांच्या जोड्या कामाच्या ठिकाणीच जात. ओंडका घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवून, त्यावर सूत मारून, एक जण वर व दुसरा खाली उभा राहून लांब आरा ओढीत असे. हे काम अतिशय कष्टाचे व संथ होते. तथापि आरा खांद्यावरून नेता येई, त्याचे दाते कानशीने जागेवरच पाजळता येत आणि बळ माणसाचेच असे. कामासाठी लागणारे सर्व काही आराकश स्वतःबरोबर नेत असे. आधुनिक यंत्राची पारखही याच कसोटीवर करावयास हवी.

हलविण्याजोगी आणि फिरती यांतील भेद

चाके लावली म्हणजे गिरणी फिरती झाली, हा समज अपुरा आहे. स्थिर गिरणीत करवत एका जागी असते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे सरकविला जातो. अशी गिरणी ट्रेलरवर ठेवली तरी जड ओंडका हलविण्याची गरज कायम राहते. अशा गिरणीस ‘हलविण्याजोगी’ म्हणता येईल. ‘फिरती’ म्हणता येणार नाही. खऱ्या अर्थाने फिरत्या गिरणीत ओंडका स्थिर राहतो आणि करवत रुळांवरून पुढे सरकते. अमेरिकेत १९८२ मध्ये स्थापन झालेल्या वूड-मायझर या कंपनीने अरुंद पट्टा-करवतीच्या अशाच गिरण्यांचा जगभर प्रसार केला.

फिरतेपणाचे निकष

१) वजन व वाट : गिरणीचा सर्वांत जड सुटा भाग किती माणसांना उचलता येतो, हे प्रथम पाहावे लागते. डांबरी रस्त्यावर ओढता येणारा ट्रेलर पाणंद रस्त्यावर अडकू शकतो. मेहकर परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते आणि चाके रुततात. म्हणून रब्बीची पिके निघाल्यानंतर मृगापर्यंतचा काळच या कामासाठी सोयीचा ठरतो.

२) मांडणीचा वेळ : मांडणी व आवराआवर यांस चार तास आणि प्रत्यक्ष चिराईस दोन तास लागत असतील, तर दोन ओंडक्यांसाठी गिरणी नेणे परवडणार नाही. मांडणीचा वेळ चिराईच्या वेळेपेक्षा बराच कमी असला पाहिजे.

३) समतलता : रूळ पाणसळीत नसतील तर फळी एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ निघते. काळ्या मातीत बैठक एका बाजूने खचण्याचा धोका असतो. रुंद लाकडी पाट्यांचा आधार आणि उंची कमी-जास्त करता येणारे पाय यांवर हा प्रश्न सुटू शकतो.

४) ऊर्जा : कृषिपंपांसाठी मिळणारी तीन फेजची वीज ठरावीक तासांची असते व ती अन्य कामासाठी नसते. म्हणून स्वतःचे इंजिन किंवा ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वरून मिळणारी शक्ती आवश्यक ठरते.

५) धार व दुरुस्ती : बांधावरच्या झाडात कुंपणाच्या तारा व खिळे रुतलेले आढळतात. त्यांवर पाते क्षणात बोथट होते. जादा पाती व धार लावण्याची साधने जवळ नसतील, तर पूर्ण गिरणी शेतात असूनही काम तालुक्याच्या दुकानावर अवलंबून राहते.

काप आणि नासाडी

हलकेपणाची किंमत काही वेळा लाकडाच्या रूपाने मोजावी लागते. २५ मि.मी. जाडीच्या फळ्या काढताना पट्टा-करवतीचा काप २ मि.मी. धरल्यास सुमारे ७ टक्के लाकूड भुशात जाते. चकती-करवतीचा काप ६ मि.मी. असल्यास हे प्रमाण १९ टक्के होते. चौकटीत बसविलेली साखळी-करवत सर्वांत हलकी, परंतु तिचा काप ९ मि.मी. धरल्यास नासाडी २६ टक्क्यांपर्यंत पोहोचते. अर्थात, जेथे अन्य यंत्र पोहोचूच शकत नाही तेथे ही नासाडीही स्वीकारार्ह ठरू शकते. बाभळीसारखे कठीण लाकूड ओले असतानाच चिरणे सोपे जाते. तोडीच्या जागीच चिराई झाल्यास हा लाभ मिळतो. मात्र ओल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्या लागतात. अन्यथा त्या वाकतात व तडकतात.

कायद्याची चौकट

यंत्र सर्व निकषांवर उतरले तरी परवान्याचा प्रश्न शिल्लक राहतो. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला. पुढे २००२ मध्ये नव्या गिरण्यांना केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीचे बंधन आले. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा विषय राज्यस्तरीय समितीकडे सोपविला. याशिवाय महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, चिंच, मोह आदी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या शेतातील असले तरी तोडण्यास परवानगी लागते.

या नियमनामागील कारण रास्त आहे. स्थिर गिरणीची तपासणी करता येते आणि तेथे येणाऱ्या लाकडाची नोंद ठेवता येते. जंगलाच्या कडेला रात्रीत मांडून पहाटे नाहीशी होणारी गिरणी मात्र चोरट्या तोडीचे साधन बनू शकते. म्हणजे जो गुण दोन झाडांच्या मालकास उपयोगी आहे, तोच वनरक्षकास चिंतेचा वाटतो. परवाना जागेशी बांधलेला असेल, तर फिरतेपणा तांत्रिकदृष्ट्या सिद्ध होऊनही व्यवहारात येत नाही. यंत्राची नोंदणी, प्रत्येक कामापूर्वी गट क्रमांकासह सूचना आणि तोडीच्या परवानगीशी चिराईची जुळणी, अशा व्यवस्थेचा विचार या संदर्भात होऊ शकतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, फिरतेपणा हा केवळ यंत्राचा गुण नसून यंत्र, जमीन, ऊर्जा, कारागीर व कायदा यांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे. ज्या गिरणीला ओंडका, वीज, धार किंवा परवाना यांपैकी कशासाठीही अन्यत्र जावे लागते, ती तेवढ्या प्रमाणात स्थिरच राहते. मेहकरसारख्या, विखुरलेल्या झाडांच्या प्रदेशात चिरलेल्या लाकडाचे मूल्य शेतकऱ्याच्या हाती राहावयाचे असेल, तर या पाचही अंगांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.