प्रमाणपत्र कशाचे प्रमाण?

'प्रमाणपत्र' या शब्दातच प्रमाण आहे. न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. ते वस्तू घडवत नाही, असलेली वस्तू कळवते. पीएमपीकडेही आपण तसेच पाहू.

अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ ची. १९८४ पासून ती हे प्रमाणपत्र देते. परीक्षेआधी ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. शिवाय प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव लागतो: पदवीधराला ३६ महिने, डिप्लोमावाल्याला ६०.

आता प्रकल्प कशाला म्हणायचे? उल्हासनगरच्या कारखान्यात रोज जीन्स शिवल्या जातात, तो प्रकल्प नव्हे. तिथेच नवे युनिट उभारणे हा प्रकल्प. त्याला आरंभ आहे, शेवट आहे.

बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसीत जाणारा एखादा सुपरवायझर अशी कामे वर्षानुवर्षे पार पाडतो. अनुभव असतो, नोंद नसते! मग अर्ज भरताना तो अडतो. म्हणून क्लासची फी भरण्याआधी वही घालावी: काम कोणते, मुदत किती, निर्णय कोणाचा, निष्पन्न काय.

आणि हो, दर तीन वर्षांनी ६० पीडीयू मिळवून नूतनीकरण करावे लागते. म्हणजे एकदा पास झालो की सुटलो, असे नाही. शिकणे चालूच ठेवायचे.