मनीप्लांट

मनीप्लांट ही घरात, व्हरांड्यात व कार्यालयांत शोभेसाठी वाढविली जाणारी सदाहरित वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असून सुरण व अळू ज्या ॲरेसी कुलात मोडतात, त्याच कुलातील ती आहे. दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ बेट हे तिचे मूळ स्थान होय. १८८० साली तिचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले. सध्याचे नाव १९६४ पासूनचे आहे. पैशाशी तिचा संबंध केवळ नावापुरता असून, चोरून आणलेली फांदीच बरकत देते हा समजही त्याच जातीचा आहे.

पानांचा रंग

पानावरील पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत हरितद्रव्य जवळजवळ नसते. त्या भागाचे पोषण पानाचा हिरवा भाग करतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत नवी पाने अधिकाधिक हिरवी येतात व चितकबरेपणा लोपत जातो. वेलीला भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. नांदेड व लातूर येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा वेळी पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या वेलीची पाने करपतात, आणि पांढरा भाग सर्वांत आधी करपतो. पूर्वेची वा उत्तरेची खिडकी उत्तम.

एखादी फांदी पूर्ण हिरवी झाल्यास ती पट्टेदार पानाच्या पेरापर्यंत छाटावी, कारण हिरवी फांदी जोमाने वाढून इतरांना मागे टाकते. नवे रोप करताना पट्टेदार पान व निदान एक पेर असलेला तुकडा घ्यावा. पेराशिवाय नुसते पान पाण्यात बरेच दिवस टवटवीत राहते, पण त्याला नवा कोंब फुटत नाही.

माती व पाणी

मराठवाड्याची काळी माती ओलावा धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत ती एकटी वापरल्यास मुळे कुजतात. तिच्यात वाळू व गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंडीच्या तळाला छिद्र असावे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात ही वेल सोयीची आहे, कारण तिला पाणी थोडेच लागते. मातीचा वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा झाल्यावरच पाणी द्यावे. ही झाडे तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास मातीवर पांढरी खपली धरते व पानांची टोके तपकिरी होतात. तेव्हा खपली काढून टाकावी आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी घालावे. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र घालू नये, त्यात क्षार अधिक असतात. उन्हाळ्यात कूलरचा ओलावा वेलीला मानवतो.

विषारीपणा

पानांत व खोडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. कच्च्या अळूने घसा खवखवतो तोही याच स्फटिकांमुळे. लहान मुले, मांजरे व कुत्री यांच्या तोंडी पाने येणार नाहीत अशा उंचीवर वेल ठेवावी. छाटणीनंतर हात धुवावेत.

बाटलीतील वेल आणि डास

पुष्कळ घरांत ही वेल पाण्याच्या बाटलीत ठेवतात. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास नेमक्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतो तो याच हिशेबाने. पाण्याच्या टाकीबरोबर ही बाटलीही त्या दिवशी रिकामी करावी. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही: अंडी पाण्याच्या पातळीलगत बाटलीच्या आतील भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. बाटली ब्रशने आतून घासावी, मुळे धुऊन घ्यावीत, मग ताजे पाणी भरून तोंडाशी कापूस किंवा बारीक जाळी बसवावी. कुंडीखालील ताटलीतले पाणीही त्याच वेळी ओतून द्यावे.