मुंबईच्या रक्षक चिलखती नौका भंगारात का गेल्या?

जबलपूर : येथील गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना, १९०४ मध्ये उभा राहिला. त्याच सुमारास मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी तैनात असलेल्या ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ या दोन चिलखती युद्धनौका भंगारात विकल्या गेल्या. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात तोफांसाठी नवे गाडे घडू लागले, तेव्हा तिकडे जुन्या तोफांसाठी बांधलेल्या नौका निकामी ठरत होत्या.

१८६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेवरून या नौकांना नावे मिळाली. दोन्ही लंडनमध्ये बांधल्या गेल्या आणि १८७० मध्ये पाण्यात उतरल्या. लोखंडी पत्र्यांमागे सागवानाचा जाड थर आणि पुढे-मागे एकेक फिरता मनोरा, त्यात दोन-दोन दहा इंची तोफा, अशी त्यांची रचना होती. शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून डेक पाण्यापासून जेमतेम वर ठेवला होता. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात त्यांचा निभाव लागणे कठीण. शिडे नसलेल्या ‘मॅग्डाला’वर मुंबईच्या प्रवासापुरत्या तात्पुरत्या डोलकाठ्या उभाराव्या लागल्या होत्या.

त्यांच्या तोफा तोंडाकडून ठासाव्या लागत. मागून भरायच्या तोफा आल्या आणि हा प्रकार कालबाह्य झाला. १८९२ मध्ये ‘मॅग्डाला’वर नव्या आठ इंची तोफा बसविण्यात आल्या, पण तोफा बदलता येतात, सांगाडा बदलता येत नाही. पोलादी चिलखत आणि वेगवान नौकांच्या काळात तिचे जड लोखंड ओझेच ठरले. भंगारवाल्याच्या काट्यावर मात्र त्याच वजनाला मोल होते.

हा हिशेब पुढेही सुटला नाही. सेवानिवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय झालेली ‘विक्रांत’ सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली व २०१४ मध्ये तिची तोडणी सुरू झाली.

‘मॅग्डाला’ची सख्खी बहीण ‘सर्बेरस’ मात्र मेलबर्नजवळ आजही दिसते. कामाचे यंत्रसाहित्य काढून घेऊन १९२६ मध्ये तिला लाटा अडविण्यासाठी किनाऱ्यालगत बुडविण्यात आले. जपणूक हा त्यामागचा हेतू नव्हता, तरी ती वाचली. गंजलेल्या सांगाड्यावरचा भार हलका करण्यासाठी २००५ मध्ये तिच्या मनोऱ्यांतील चारही तोफा काढून शेजारी समुद्रतळावर ठेवण्यात आल्या.